तांदळाच्या खिरीची पाई

अ‍ॅमस्टेलव्हीनहून अडीच तास गाडी चालवून मी नवऱ्याला घेऊन मास्ट्रिख्टजवळच्या त्या छोट्या कॅफेत पोहोचले. तिथली म्हातारी मालकीण फक्त शनिवारी तांदळाच्या खिरीची पाई करते, आणि मागच्या दोन्ही खेपांना ती आम्ही पोहोचण्याआधीच संपली होती. या वेळी शेवटचे दोन तुकडे मिळाले. काटा उचलला तोच पुण्याहून आईचा मेसेज आला, ‘आज चतुर्थी आहे, लक्षात आहे ना?’ नव्हतं.

“खा गं. गणपतीला डच कुठे कळतं?” नवरा म्हणाला.

“तांदूळ कळतो,” मी म्हणाले आणि ताटली त्याच्याकडे सरकवली. मी नुसती कॉफी प्यायले.

गाडीत बसल्याबरोबर तो घोरायला लागला. मी आधी पुढच्या शनिवारची तिथी पाहिली, मग गाडी सुरू केली.