खांद्यावरची दोन बोटं

कोच मला नावानं बोलवायचा नाही. मागून यायचा आणि खांद्यावर दोन बोटं आपटायचा. टक टक. म्हणजे ऊठ, बर्फावर जा, समोरच्या टीममधला सगळ्यात धिप्पाड गडी गाठ आणि त्याचं थोबाड फोड.

बस्स. हे माझं प्रोफेशनल आइस हॉकी. या खेळात मारामारीला फक्त पाच मिनिटांची शिक्षा, म्हणून टीम असा एक मारकुटा पाळते.

मी एकदा धीर करून म्हणालो, "कोच, मला खेळायचंय."

तो हसला. "पोरा, खेळायला माझ्याकडे माणसं आहेत."

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या गोठलेल्या तळ्यावर सातव्या वर्षापासून ती रबराची चकती मारत वाढलो मी. कॉलेजच्या टीममध्ये सगळ्यात जास्त गोल माझे. पण या क्लबच्या सराव कॅम्पच्या पहिल्याच दिवशी एकानं माझ्या रंगावरून घाण शिवी दिली, मी त्याला एक ठेवून दिली, आणि कोचला माझ्या मुठीपलीकडे काही दिसेनाच. तोवर दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही झाली होती. क्लब सोडत नाही तोवर दुसरीकडे खेळता येत नाही. सही करताना अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे!

एका शनिवारी दुपारी बाबा मॅच बघायला आले. सोबत महाराष्ट्र मंडळातले डॉक्टरकाका आणि काकू, डब्यात पराठे. तीनपैकी दोन पिरियड मी नुसता बेंचवर. मग टक टक. गेलो. ग्लव्ह्ज फेकले. समोरच्या गड्याचं नाक फुटलं, माझी भुवई फाटली. लोक काचेवर बुक्क्या मारत ओरडत होते. पाच मिनिटं शिक्षेच्या पेटीत बसलो आणि परत बेंचवर. चकतीला माझी काठी एकदाही लागली नाही.

पार्किंगमध्ये डॉक्टरकाका भलतेच खूश. "काय बडवलास रे गोऱ्याला! मानलं यार!"

"अहो, पोराच्या भुवईला टाके पडलेत," काकू म्हणाल्या.

माझे बाबा इंजिनिअर. मंडळात कुणी गाव-आडनाव विचारलं की हवापाण्यावर बोलू लागणारा माणूस. काका-काकू गाडीत बसल्यावर ते हळूच म्हणाले, "तो खांद्याला हात लावतो, तर तू मागं वळूनही बघत नाहीस."

"बघायचं काय? कळतं मला."

"तुझ्या आजोबांनाही, माझ्या अण्णांनाही कळायचं. गावचे तराळ होते ते. पाटलाचा माणूस दारात काठी आपटायचा, की अण्णा भरल्या ताटावरून उठायचे. मेलेलं ढोर ओढायला. त्या काठीपासून पळालो रे मी. एवढ्या लांब पळालो."

मला बाबांचाच राग आला. एवढी वर्षं हे लपवलं का? त्यांना वाटलं असणार, आपण अमेरिकेत आलो म्हणजे सुटलो. कसले सुटलो! डोंबल!

पुढच्या मॅचला पुन्हा बोटं आपटली. माझे पाय आपोआप उठले. त्या पायांची मला एवढी लाज वाटली, की मी परत खाली बसलो. टक टक. या वेळी जोरात.

"नाव घे माझं," मी म्हणालो. "आणि खेळायला पाठव. मारायला जाणार नाही."

कोच माझ्या कानाशी वाकला. "मग सड इथंच. सोडणारही नाही तुला."

शब्दाचा पक्का निघाला. खेळवत नाही, सोडत नाही. बाकीचे माझ्या शेजारी बसायचं टाळतात. बाबा फोनवर रडले. "करिअर घालवशील रे. मी उगाच बोललो."

"उगाच नाही, बाबा. फार उशिरा बोललात."

कॉन्ट्रॅक्टचे चौदा महिने उरलेत. या वयात चौदा महिने न खेळलेल्याला नंतर कोण घेतो? बहुतेक कुणीच नाही. रात्रंदिवस जीव घुसमटतो माझा, खोटं कशाला बोलू. तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरतो आणि गोलावर शंभर शॉट मारतो. मॅचला स्केट्स आवळून बेंचवर बसतो. चौदा महिने बसेन. खेळाडू म्हणून उठवलं तर उठेन, नाहीतर माझ्या जागेवरून हलणार नाही.