वर्तुळाला बाजू असतात का?

मला बघायला आलेल्या मुलाशी मी पहिल्याच भेटीत वाद घातला, आणि तोही वर्तुळावरून.

खारीगावाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलभर पाहुणे बसले होते. मुलगा काशीमीऱ्याला एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. कंप्युटरवर गोदामांच्या शेडची ड्रॉइंग्ज करायचा. मी शाळेत गणित शिकवते हे कळल्यावर त्याच्या काकांनी त्याला कोपरखळी मारली, "विचार की गणितातलं काहीतरी!"

तो बिचारा अवघडला. मग म्हणाला, "वर्तुळ म्हणजे अनंत बाजूंची बहुभुजाकृती, बरोबर ना?"

हो म्हणायचं आणि ट्रे घेऊन आत जायचं, एवढंच माझं काम होतं. पण तोंडातून निघून गेलं, "नाही. तसं म्हणतात, पण ते खरं नाही."

आईचा चेहरा पडला. काका मात्र हसले, "झालं, नापास झालास तू!" मग विषय बदलला. निघताना दारात सँडल चढवता चढवता तो हळूच म्हणाला, "मला काही पटलं नाही हं. एकदा नीट सांगाल?"

पुढच्या रविवारी घरच्यांना सांगून आम्ही उत्तनला गेलो. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते. त्याने बसायच्या आधीच सुरुवात केली.

"कंप्युटरवर मी वर्तुळ काढतो ना, ते झूम केलं की कधीकधी बारीक सरळ रेघाच दिसतात. बाजू वाढवत नेल्या की कोपरे दिसेनासे होतात. मग शेवटी वर्तुळच झालं की!"

"पण शेवट येतो कुठे?" मी काडीने वाळूत वर्तुळ काढलं, त्याच्या आत षटकोन. "कोपरे वर्तुळाला टेकलेत. बाजूचा मधला भाग बघा, आतच राहिलाय. हजार बाजू करा, फट कमी होईल, पण राहीलच."

"हजार नाही, मी अनंत म्हणतोय."

"बरं, मग त्यातली एक बाजू केवढी? लांबी शून्य असेल तर ती बाजूच नाही, नुसता बिंदू. आणि सगळ्या सारख्या बाजूंना थोडी जरी लांबी असली, तर अनंत बाजूंची बेरीज संपणारच नाही. वर्तुळाचा घेर तर ठरलेला असतो."

त्याने माझ्या हातातली काडी काढून घेतली. मला वाटलं, रागावला.

"मग क्षेत्रफळ काढताना वर्तुळाचे बारीक त्रिकोण पाडतात," तो वर्तुळाच्या मध्यापासून कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढत म्हणाला, "तरी उत्तर बरोबर कसं येतं?"

हा प्रश्न मला फार आवडला. "कारण फट हवी तेवढी लहान करता येते. बाजू वाढतील तशी आकृती वर्तुळाच्या जवळ जात राहते. वर्तुळ हे त्या सगळ्यांचं लिमिट, म्हणजे जिच्याकडे त्या सरकत राहतात ती सीमा. पण त्यातली एकही स्वतः वर्तुळ होत नाही."

"म्हणजे माझं गणित बरोबर, वाक्य चुकलं."

"जवळजवळ."

तो मोठ्याने हसला. बोंबील उलटणाऱ्या मावशींनी वळून विचारलं, "फिरायला आलाव का शाला हाय ही?"

घरी आई दारातच उभी होती. "काय म्हणाला?"

"त्याला पटलं."

"अगं, लग्नाचं विचारतेय मी!"

तेव्हा लक्षात आलं, लग्नाचा विषय निघालाच नव्हता. "ते राहिलं. पण माझा होकार कळव." बाबांनी फोन लावला, तर पलीकडून काकांनी त्यांचा होकार आधीच सांगून टाकला.

याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही तो मधूनच एखादी शंका काढतो, बहुतेक मी पोळ्या करत असताना. परवा म्हणाला, "वर्तुळाला अनंत बाजू नाहीत, मान्य. मग शून्य आहेत की एक?"

"आधी बाजू कशाला म्हणायचं ते ठरवूया," मी म्हणाले. मी गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.