टरफलांच्या विरोधातला अर्ज

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वडिलांनी आयुष्यभर जमवलेली पत्रकं आहेत: ऊसतोड कामगारांची, पाण्याच्या हक्काची, शाळेच्या मागणीची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. 'मागणी' हा शब्द मला 'मांजर'च्या आधी लिहिता येत होता. आपलं एखादं पत्रक वडिलांनी स्वतःहून त्या पेटीत ठेवावं, याहून मोठी इच्छा मला कधी झाली नाही.

तिसगावच्या बाजूला, आमच्या गावाला लागून, कांदा वाळवायचा कारखाना निघाला तेव्हा वाटलं, आता आपली वेळ आली. गावातल्या बायका तिथे कांदे सोलायच्या आणि कारखाना टरफलं ओढ्यात टाकायचा. काही वाऱ्याने घराघरात यायची, बाकीची पाण्यात कुजायची. मी पत्रक लिहिलं, पाथर्डीहून छापून आणलं आणि दारोदार वाटलं. एका बाईने ते उलटसुलट करून विचारलं, "कुनाचं लगीन हाय?"

माझी वहिनी त्याच कारखान्यात जायची. सातवी शिकलेली, लहानपणापासून आईबापामागे ऊसतोडीला गेलेली. तिने माझं पत्रक वाचलं की नाही, मला माहीत नाही. तिच्या लक्षात आलं ते वेगळंच. चुलीसाठी म्हणून तिने टरफलं एका पांढऱ्या फडक्यात बांधून आणली होती. वाटेत पाऊस लागला, आणि फडक्याला जो रंग चढला तो तीनदा धुऊनही गेला नाही.

मग ती मागेच लागली. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या, मग टरफलं उकळलेल्या पातेल्यात. काही दिवस नुसतेच डाग पडले, मग एकदा सोन्यासारखा पिवळा उतरला. तेव्हा तिने भिंतीवरचा आपला जुना कोयता काढला. आमच्याकडे दसऱ्याला कोयत्याला हळदकुंकू वाहतात, एरवी त्याला चुकूनही कोणी पाय लावत नाही. तिने तो गंजलेला कोयता गुळाच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी ते काळं पाणी थोडं पिवळ्यात ओतलं. कापड शेवाळी झालं.

वडील पातेल्यापाशी उकिडवे बसले होते. "कुठं शिकलीस गं हे?"

"कुठं न्हाई, मामा. गंजक्या कोयत्याचा डाग लुगड्याला पडला का जात न्हाई, हे ऊस तोडनाऱ्या बाईला शिकवाया लागतं व्हय?"

वडील मोकळे हसले. माझ्या कुठल्याच पत्रकावर ते असे हसले नव्हते. ते वाचायचे, एखादी चूक दुरुस्त करायचे आणि कागद मला परत द्यायचे.

राहात्याची एक बाई कापडी पिशव्या शिवून शिर्डीच्या रस्त्यावर विकायची. ती आमच्या गल्लीत पाहुणी आली तेव्हा तिने वहिनीचं कापड पाहिलं आणि दिवाळीपर्यंतचं काम दिलं. गल्लीतल्या चार बायका मदतीला येऊ लागल्या, कारखान्याच्या फाटकावरून कोरड्या टरफलांची पोती आणू लागल्या. या चौघीही टरफलांविरुद्ध मी बोलावलेल्या सभेला कधी आल्या नव्हत्या. वहिनीने भावाला सांगून टाकलं, "यंदा मी कोयत्यावर येनार न्हाई." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती नाही म्हणाली की भाऊ अर्धाच. दसऱ्याला मुकादम नावं पक्की करायला येणार होता. तोवर रंगाचं काम टिकलं तर दोघं घरी राहणार होती, नाही तर दोघंही जाणार.

मी ग्रामसभेसाठी अर्ज लिहीत होते. ओढ्यात टरफलं टाकू नयेत, हे पहिलं कलम. ओढा साफ करून द्यावा, हे दुसरं. त्या संध्याकाळी वडील वहिनीचं शेवाळी उपरणं गळ्यात घालून स्टँडवर निघाले, चार लोकांना दाखवायला. मी तिसरं कलम लिहिलं: टरफलं लोकांच्या अंगावर ढकलून कारखान्याने जबाबदारी टाळू नये, ती फाटकाबाहेर कोणालाही देऊ नयेत, विल्हेवाट कारखान्यानेच लावावी.

मुद्दा खोटा नव्हता. कारखान्याची घाण बायकांनी फुकट का निस्तरायची, हे मी आजही विचारीन. पण त्या संध्याकाळी मला हा प्रश्न पडला नव्हता. मला ते उपरणं खुपलं होतं.

अर्ज मान्य झाला. माझा पहिलाच. टरफलं ट्रॅक्टरने वीटभट्टीवर जाऊ लागली, जुनी कुजलेली ओढ्यात तशीच राहिली. वहिनी रिकामं पोतं घेऊन परत आली. सुपरवायझर तिला म्हणाला होता, "तुमच्याच घरचा अर्ज हाय बाई, मी काय करू?"

ती माझ्यासमोर बसली. "वन्सं, ते तिसरं तुमी घातलं?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"आसंल. अर्जाच्या आदल्या दिशी फाटकावर पोतं भरताना तुमी माज्यासंग हुता. तवा का न्हाई बोलला?"

पातेल्यात अर्धवट रंगलेलं कापड पडून होतं. दसऱ्याला आठवडाही नव्हता. मी म्हणाले, "मला तुझा हेवा वाटला."

"माजा?" ती पोत्याची घडी घालत म्हणाली. "मग या की यंदा माज्या जागी उसात." आणि थोड्या वेळाने, "आता दुसरा लिवा. बारका लिवा, लोकं वाचतील."

मी कारखान्याच्या नावाने लिहिलं की तिसरं कलम माझं होतं आणि मी ते मागे घेते. ज्या बाईला हवीत तिला कोरडी टरफलं फाटकावर मिळावीत, उरलेल्याची जबाबदारी कारखान्याची. 'मत्सरापोटी' हा शब्दही लिहिला. वहिनीने त्यावर बोट ठेवलं. "ह्यो काढा. सुपरवायझरला आपल्या घरातलं कशाला?" मी काढला. पाच बायकांनी सह्या केल्या आणि पाचही जणी अर्ज घेऊन फाटकावर गेल्या. मला चला म्हणाल्या नाहीत. परत आल्या तेव्हा पोती भरलेली होती.

दसऱ्याला मुकादम आला. भाऊ म्हणाला, "यंदा आमचं नाव नको."

"कोयता मोडला का काय?"

"न्हाई," वहिनी कापड पिळत म्हणाली, "दुसऱ्या कामाला लावलाय."

पूजेसाठी तिने कोयता गुळाच्या पाण्यातून काढून पुसला. वडिलांनी पेटी उघडली आणि माझ्या दोन्ही अर्जांच्या प्रती आत ठेवल्या. मग काय वाटलं कोणास ठाऊक, सगळी चळत पुन्हा बाहेर काढली, वहिनीच्या शेवाळी कापडात नीट बांधली आणि परत ठेवली. आता पेटी उघडली की आधी तिचं कापड दिसतं. माझे कागद बघायचे तर गाठ सोडावी लागते. मी ती अजून तरी सोडलेली नाही.