निकेलखालचं तेल

जेद्दात तेलाच्या पैशाला पूर आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. लोक नव्या गाड्या घेत आणि कंटाळा आला की विकून टाकत. आमच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही आलो त्या अरब मालकानं, मात्र भलतंच खूळ डोक्यात घेतलं. मुलाच्या लग्नासाठी त्यानं एक जुनी, आलिशान विलायती गाडी आणली. दिवे, दारांच्या मुठी, रेडिएटरवरचं पितळी कवच, सगळं काळवंडलेलं.

बलद या जुन्या वस्तीजवळच्या त्याच्या शेडमध्ये मी बफ मारायचो, म्हणजे मशीनवर धातू घासून चकचकीत करायचो, आणि रत्नागिरीकडचे एक चाचा प्लेटिंग करायचे, त्यावर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायचे. "क्रोम मारून मोकळे होऊ," मी म्हणालो. चाचा खवळले. "क्रोम निघण्याआधीची गाडी आहे ही. हिला निकेलच हवं. क्रोम निळसर दिसतो, निकेलला जरा पिवळी झाक असते."

त्यांच्या मुलीचा निकाह ठरला होता, तिकीटही आलं होतं. पण आम्हा दोघांचे पासपोर्ट कफीलच्या कपाटात, आणि त्याचं म्हणणं एकच: आधी गाडी, मग सुट्टी.

प्लेटिंगआधी चाचा धुतलेल्या भागावर पाणी ओतून बघत. पाणी अखंड पसरलं तर भाग स्वच्छ. कुठे फाटलं तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. कवचावर पाणी छान पसरलं. पण त्याच सकाळी गावाहून आलेल्या माणसानं चाचीनं घरी काढलेलं खोबरेल आणून दिलं होतं, आणि चाचांनी लाडानं ते डोक्यावर थापलं होतं. शेडमध्ये भट्टीसारखं उकडत होतं. त्यांनी हातमोज्यानंच कपाळ पुसलं आणि तसंच कवच उचलून निकेलच्या टाकीत सोडलं.

बाहेर काढल्यावर मी बफ मारला आणि खालच्या कडेला फोड आला. चाचांनी नखानं टोकरलं तर निकेल कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटलं. त्यांनी हातमोजा नाकाशी धरला; खोबरेलाचा वास येत होता.

मी म्हटलं, "चाचा, नंबरप्लेटमागे जाईल हे. कुणाला दिसणार नाही. तुम्ही निघा."

कफील संध्याकाळी आला. कवच बघून खूश झाला, "खलास?" म्हणाला. चाचांनी सरळ फोडावर बोट ठेवलं. कफीलचा चेहरा उतरला. सुट्टीचा कागद काही त्यानं काढला नाही.

सगळं निकेल उतरवायचं, पुन्हा बफ, पुन्हा टाकी. निकाह झाला त्या दिवशी चाचा त्याच टाकीपाशी उभे होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता. जेवताना मी फाडकन बोललो, "पोरीपेक्षा कफीलची गाडी मोठी झाली का तुम्हाला?"

चाचांनी माझ्या ताटात रोटी वाढली.

"गाडी गेली खड्ड्यात," ते म्हणाले. "पापुद्रा त्याच्या पोराच्या लग्नातच सुटला असता, तर मी गावी असतो. इथे त्याच्या तावडीत कोण सापडला असता?"

इतके दिवस मी त्यांना येडा म्हातारा म्हणत होतो, आणि हा माणूस माझ्यासाठी थांबला होता.