आगटेकाकांची हजेरी

आगटेकाकांची आणि माझी पहिली भेट बँकेच्या रांगेत झाली. रांग म्हणजे काय रांग! नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनरांनी आपण अजून जिवंत आहोत हे स्वतः जाऊन दाखवायचा महिना. मी मावशीला घेऊन गेलो होतो. रांगेचं एक टोक शनिवार पेठेतल्या त्या बँकेच्या टेबलाशी होतं आणि दुसरं बहुधा थेट मांजरी गावच्या उसात. आमच्या मागचे गृहस्थ रांगेत लागले तेव्हा नोकरीत होते आणि टेबलाशी पोचेपर्यंत निवृत्त झाले, असं मावशी आजही सांगते. मावशी खोटं बोलत नाही, थोडं वाढवते इतकंच.

आमच्या पुढे एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. भर उन्हात कोट, दाढी अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी, आणि अत्तर इतकं की वधूपक्ष कुठे उतरलाय ते शोधावं. त्यांचा नंबर आला आणि ते चक्क मागे वळले.

"तुम्ही व्हा पुढे."

पुण्यात कुणी रांगेतली जागा सोडली तर आधी त्याची नाडी बघतात. मावशीने संशयाने विचारलं, "का हो? आत चावतात का?"

"छे हो. मला घाई नाही."

आमचं काम झालं तेव्हा ते आमच्या मागच्यांना पुढे सोडत होते. मी मावशीला घरी पोचवून, विसरलेली तिची छत्री न्यायला परत आलो, तरी ते तिथेच, रांगेच्या मध्यावर, पाचसहा जणांत उभे राहून कालव्याच्या पाण्यावर बोलत होते. जेवणाच्या सुट्टीच्या अगदी तोंडावर ते टेबलाशी गेले. टेबलामागे वासंती मॅडम होत्या.

"या आगटे. आहात ना?"

"आहे."

"कुठे नोकरी वगैरे धरलीत का या वर्षी?"

"अजून तरी कुठून बोलावणं नाही."

"बारीक झालात. डॉक्टरला दाखवा." असं म्हणून मॅडमनी शिक्का मारला आणि काका असे बाहेर पडले, जणू त्यांना पालिकेने मानपत्र दिलं होतं.

नंतर ओळख वाढली तेव्हा कळलं की श्यामसुंदर आगटे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. मूलबाळ नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक पुतण्या आहे, पण तो हिंजवडीला, आणि हिंजवडी ते शनिवार पेठ हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सणांमध्ये मोजतात. काकांच्या दोन खोल्या लख्ख असत. पाणी प्यायचं भांडं एकच बाहेर, बाकीची फडताळात. मी गेलो की ते दुसरं भांडं काढत आणि धुऊन पुसायला इतका वेळ लावत की माझी तहान भागून जाई. ऑक्टोबर लागला की कोट धोब्याकडे जाई. दिवाळी त्यांच्याकडे नसायचीच, नोव्हेंबर असायचा.

अशात सरकारला निवृत्तिवेतनात सुधारणा करावीशी वाटली. सुधारणा करायची म्हणजे आयोग नेमायचा, आणि आयोगाने कशाकशाचा विचार करावा हे ठरवायला आधी एक साहेब गावोगाव फिरणार. पेन्शनरांच्या प्रत्येक मंडळाने एक प्रतिनिधी पाठवावा, असं फर्मान निघालं. आमच्या पेठेतल्या मंडळाची बैठक भरली. चिटणीस अमीन बागवान, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या आवाजाला घाबरून अजून म्हातारे ताठ बसतात.

"मागणी एकच," अमीनसाहेब म्हणाले. "हयातीचा दाखला घरबसल्या मिळाला पाहिजे. ही रांग बंद! जायला मोकळं कोण आहे?"

कुणाला नातवाला बसपर्यंत सोडायचं होतं, कुणाचा गुडघा, कुणाच्या घरी पाहुणे. सगळ्यांच्या नजरा हळूहळू एका माणसावर येऊन थांबल्या.

"आगटेसाहेब, तुम्हाला काही काम?"

"नाही," काका म्हणाले. एवढ्या लोकांसमोर त्यांना ते म्हणावं लागलं.

म्हणजे जी रांग त्यांच्या वर्षाचा एकुलता एक सण होती, ती बंद करा हे सांगायला नेमके तेच निघाले.

सरकारी विश्रामगृहावर मी त्यांना स्कूटरवरून नेलं. तोच कोट, तेच अत्तर. मुंबईहून आलेले साहेब जेवणाकडे डोळे लावून बसले होते. काकांनी मंडळाचा कागद खणखणीत आवाजात वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ही मंडळाची मागणी झाली. माझी वेगळी आहे."

"बोला."

"आत्ता वर्षातून एकदा बोलावता. दर तीन महिन्यांनी बोलवावं."

मागून कुणीतरी ओरडलं, "काकांना पाणी द्या रे, ऊन लागलंय!" सगळा हॉल हसला.

साहेबही हसले. "अहो आजोबा, त्रास तुम्हालाच होईल. येणं, उभं राहणं..."

"होऊ दे की. तिथे मॅडम नावाने हाक मारतात, तोंडाकडे बघतात. मागे म्हणाल्या, बारीक झालात, दाखवा. दाखवलं तर साखर निघाली. घरात हे कोण सांगणार होतं? भिंत?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "हा मुद्दा आरोग्य विभागाकडे येतो."

परतताना काका मागून म्हणाले, "जरा लांबून घ्या ना." मी लांबून घेतलं. सिग्नल लागला की ते खूष होत.

अमीनसाहेबांना बातमी आमच्या आधी पोचली होती. "आगटेसाहेब, घात केलात हो," एवढंच ते म्हणाले, आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीचा निरोप काकांच्या घरी गेलाच नाही. तिकडे साहेबांनी इतिवृत्तात एवढंच लिहिलं होतं: घरबसल्या दाखल्यास पुणे, शनिवार पेठ मंडळाचा पाठिंबा, प्रतिनिधी श्री. आगटे. आयोग नेमला गेला, आणि त्याने सर्वांत आधी हीच शिफारस केली, कारण बाकीच्या शिफारशींना पैसे लागणार होते.

मग मंडळाला काकांची आठवण झाली. शाल आणली, नारळ आणला. अमीनसाहेबांनी भाषणात म्हटलं, "आगटेसाहेबांनी किल्ला लढवला!" काका उभे राहिले, शाल घेतली, आणि उत्तरादाखल फक्त वासंती मॅडम आल्या आहेत का, असं विचारलं. त्यांची बदली झाली होती.

आता नोव्हेंबरात पुतण्या येतो आणि काकांच्या तोंडासमोर मोबाईल धरतो. दाखला लगेच मिळतो.