फॉइलमधली नळी

अकरा ते दोन लॅबच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घालायचे नाहीत, अशी तिने वॉचमनच्या बायकोला ताकीद देऊन ठेवली होती. ते ऊन तिचं होतं.

नव्वदचं दशक. नवी मुंबईत आम्ही दोघं एकाच गाईडकडे पीएच.डी. करत होतो, आणि थिसिस झाला की लग्न करायचं ठरलं होतं. ती उरणची, मोरा बंदरापाशी घर. घरातली कॉलेजात गेलेली ती पहिलीच.

तिच्या नळ्यांत पिवळं पाणी असे. त्यात कॅडमियम सल्फाइडचे स्फटिक, इतके बारीक की गाळणकागदातूनही निसटावेत. ते ऊन शोषून घेतात आणि त्या जोरावर जवळच्या रेणूत बदल घडवतात. तिने घेतलेल्या रेणूवर दोन अगदी सारखे गट होते. त्यातला एकच बदलायचा, दुसरा जसाच्या तसा राहायचा. गाईड खूश होते. पेपर टाईप होऊन तयार होता.

एका शनिवारी ती घरी गेली असताना मी तिची एक नळी फॉइलमध्ये गुंडाळून त्याच उन्हात ठेवली. ऊब तेवढीच, उजेड मात्र नाही. हा पडताळा तिने कधी घेतलाच नव्हता. उन्हावर तिचा फार भरवसा. दुपारी तपासलं, तर अंधारातही तेच घडलेलं! स्फटिक बनवताना उरलेलं सोडियम सल्फाइड नीट धुतलं गेलं नव्हतं, सगळं काम तेच करत होतं. तिची दोन वर्षं पाण्यात गेली होती.

उरणला तिच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. मी केला नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आकडे मांडले. तेव्हा वाटलं, आपण किती खरे! कसलं काय, शहाणपणा मिरवायची खुमखुमी होती. तिने कागद दोनदा वाचला, "बरोबर आहे," म्हणाली आणि निघून गेली.

आठवडाभर ती आली नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी आग्रहाने जेवायला बसवलं.

"पोरीची चूक तुमीच पकरली म्हनं. नायतं हसं झालं असतं. लय उपकार हाय तुमचं."

मी बोंबलाचं कालवण भातात नुसतं कालवत राहिलो.

एस.टी.च्या थांब्यापर्यंत ती सोबत आली. म्हणाली, "चूक काढलीस त्याचं काय नाय. उद्यापासून स्फटिक परत धुवायला घेनार हाय मी."

"आणि आपलं?"

"मीटिंगमदी मी सगळा वेळ तुझ्याकडं बघत होते. तू गाईडकडं बघत होतास, खूश झाले का ते."

ते खरं होतं. एस.टी. आली, मी चढलो. गाडी सुटेपर्यंत ती थांबली नाही.