ईटच्या यजमानांकडे टाकलेला शब्द

तारीख १४ डिसेंबर, रविवार. अभिषेक आणि नैवेद्य मिळून दक्षिणा अकराशे रुपये. हजर: ईट गावचे यजमान, त्यांच्या घरची चौघं, मी आणि माझी बायको. मुलगी पुण्याहून फोनवर होती, पण ते जेवणाच्या शेवटी.

तुळजापुरात आमचं घर पुजाऱ्याचं. मी शाळेत हिशेब सांभाळतो आणि पूजेची पाळी आली की रजा टाकतो. गावोगावची यजमान घरं वाटणीनं आलेली असतात. ईटचं हे घर चार पिढ्या आमच्याकडं आहे. ते आले की खव्याचा डबा घेऊन येतात आणि जेवूनच जातात. वडिलांचा एक नियम होता: यजमान देईल ते घ्यायचं, मागायचं काही नाही.

मुलगी इंजिनिअर होऊन दीड वर्ष झालं होतं. पुण्यात खोली करून ती नोकरी शोधत होती. “बाबा, अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. आत कुणीतरी ओळखीचं लागतं. माझ्या मैत्रिणींना नोकऱ्या तशाच लागल्या,” असं ती सांगायची. मार्क चांगले असले की पुरे, असं मी आधी म्हणत असे. पुढं म्हणणं सोडलं. शेवटी ठरलं की डिसेंबरअखेर खोली सोडायची आणि इथंच एखाद्या शाळेत शिकवायचं. बायकोनं मुलीची गादी उन्हात टाकली होती. रोज शाळेतून येताना मी मनात धरून चालत होतो की आता घरात तीन कप चहा होईल, कुणीतरी आतून मोठ्यानं गाणं लावील आणि मी ओरडेन.

बायको पुरणपोळी वाढत असताना यजमान सहज म्हणाले, “पुतण्या हैदराबादला कंपनीत लई मोठा झालाय. नवी पोरं घ्यायची ती आता त्याच्याच हातानं.”

बायकोचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी गप्प राहिलो असतो तर कुणी काही बोललं नसतं. नियम वडिलांचा होता आणि फायदा माझा. पोरगी सतरा दिवसांनी घरी आली असती.

मी म्हणालो, “आबा, एक मागायचं होतं.” आणि मुलीचं सगळं सांगितलं.

यजमान हसले. “महाराज, चार पिढ्या आमी तुमच्या दारात आईला मागायला येतोय. तुमाला एकदा मागायला एवढा घाम? तूप वाढा आधी.” आणि डाव्या हातानंच त्यांनी फोन लावला.

पुतण्या म्हणाला, “काका, नाव मी पोचवतो. मुलाखत तिची तिनं द्यायची. आजच मला फोन करायला सांगा.”

“अन् तिला नीट बोल,” यजमान म्हणाले, “त्यांच्या घरचं जेवलोय आपण.”

मग मी मुलीला फोन लावला.  ती म्हणाली, “तुम्ही मागितलंत? बाबा, पण हैदराबादला गेले तर महिन्याकाठीसुद्धा येणं जमायचं नाही.”

“हैदराबाद काही लांब नाही,” मी म्हणालो. “इथून थेट गाडी आहे.”

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “अहो, मोठे शहाणे. थेट गाडी आहे म्हणे.” आणि आत गेली.

मुलीनं दोन मुलाखती दिल्या. जानेवारीत नोकरीचं पत्र आलं. सामान पोचवायला मी बरोबर गेलो. खोली चांगली निघाली, खिडकी पूर्वेला. माझ्या परतीच्या गाडीला वेळ होता, तरी मी लवकरच जायला उठलो; तिथं बसून करायचं काही नव्हतं.

निघताना घरमालकीणबाईंना डिपॉझिट सोळा हजार आणि पहिल्या महिन्याचं भाडं आठ हजार, एकूण चोवीस हजार रुपये रोख दिले. पावती मुलीच्या नावानं करायला सांगितली.